अवघड पंधरा मिनिटांत बाई काय करतात, ते पाहा

प्रश्न : आमचा मुलगा तीन वर्षे आठ महिन्यांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. त्याला वीसेक शब्द येतात; बाकीचे बोलणे म्हणजे कुठेतरी ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणे. घंटा वाजली किंवा मिक्सर सुरू झाला की तो कान झाकतो, आणि दार उघडे दिसले की धावत सुटतो. त्याच्यासाठी आम्ही तीन शाळा पाहिल्या. पहिली मोठी आणि नावाजलेली आहे, आपण समावेशक असल्याचे ती सांगते. वर्गात बत्तीस मुले व दोन शिक्षिका आहेत आणि मुलासोबत दिवसभर बसणारी मदतनीस आम्ही स्वतः नेमावी, अशी तिची अट आहे. दुसरे केंद्र फक्त स्वमग्न मुलांचे आहे. तिथे एका वर्गात सहा मुले असतात, एका प्रसिद्ध पद्धतीने शिकवतात, पण पालकांना वर्गात येऊ देत नाहीत. तिसरी चौदा मुलांची साधी बालवाडी आहे. तिथल्या मुख्याध्यापिका ‘आणा, आम्ही सांभाळू’ म्हणाल्या, मात्र असे मूल त्यांच्याकडे यापूर्वी कधीच आलेले नाही. माझे सासरे म्हणतात की, निदानाविषयी शाळेला आधी काही सांगू नये, नाहीतर मुलावर शिक्का बसेल. आम्ही कोणती शाळा निवडावी? आणि सांगावे की सांगू नये?

उत्तर : तिन्ही शाळांबद्दल तुम्ही बारकाईने लिहिले आहे. मुलांची संख्या, पद्धतीचे नाव, अटी हे सारे तुमच्या पत्रात आहे. नाही ते एवढेच, की तिथे एखादे मूल अडून बसले, रडू लागले किंवा कान झाकून कोपऱ्यात गेले, तेव्हा वर्गातल्या बाईंनी काय केले. यात तुमची चूक नाही, कारण शाळा दाखवताना ती वेळ कुणीच दाखवत नाही; पाहुणे येणार म्हटल्यावर वर्ग आवरलेला असतो, मुले खेळात रमलेली असतात आणि बाई हसतमुख असतात. परंतु तुमच्या मुलाचे या शाळेत कसे होईल, हे त्याच्या चांगल्या दोन तासांवर फारसे ठरणार नाही. ते ठरेल दिवसातल्या अवघड पंधरा मिनिटांवर. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी ती पंधरा मिनिटे पाहायला मिळतील अशा वेळी प्रत्येक शाळेत पुन्हा एकदा जा.

त्याआधी पद्धतीच्या नावाविषयी थोडे लिहितो, कारण दुसऱ्या केंद्राच्या प्रसिद्ध पद्धतीचे तुमच्या मनावर दडपण आलेले दिसते. स्वमग्न मुलांच्या शिक्षणाच्या अनेक नावाजलेल्या पद्धती आहेत. ‘टीच’ या कार्यक्रमात, जो मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ पासून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यभर राबवला जाऊ लागला, वर्गाची मांडणी, चित्रांचे वेळापत्रक आणि एका वेळी एकच काम यांवर भर असतो. ‘लीप’ या पद्धतीत स्वमग्न मुले इतर मुलांबरोबरच बसतात आणि त्यांच्याशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्या सवंगड्यांनाच शिकवले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन पद्धतींचे वर्ग आणि कोणत्याही विशिष्ट पद्धतीचे नाव न लावणारे, पण दर्जेदार असे विशेष शिक्षणाचे वर्ग यांची तुलना करण्यात आली. वर्षभरात तिन्ही प्रकारच्या वर्गांतील मुलांची प्रगती झाली आणि कोणतीही एक पद्धत इतरांच्या पुढे गेली, असे काही दिसले नाही. याचा अर्थ पद्धत कशीही असली तरी चालते असा मुळीच नाही. अभ्यासासाठी निवडलेले वर्ग मुळात चांगले होते, हे विसरून चालणार नाही. तेव्हा पाटीवरचे नाव पाहून शाळा निवडू नका आणि ते नाव नाही म्हणून सोडूही नका.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये केलेली एक शिफारस तुमच्या कानावर आलीच असेल, कारण स्वमग्न लहान मुलांच्या नियोजनपूर्वक शिकण्याचे ‘आठवड्याला किमान पंचवीस तास’ हा आकडा पालकांच्या बोलण्यात सारखा येतो आणि बहुतेकांना धडकी भरवतो. त्या शिफारशीत तासांइतकेच महत्त्व मुलाच्या सक्रिय सहभागाला आहे. तीन तास वर्गात बसून एकट्यानेच गाडीचे चाक फिरवत राहिलेल्या मुलाचे ते तीन तास त्यात धरता येत नाहीत. उलट वर्गाबाहेर, नियोजनपूर्वक आणि कुणाच्या तरी सोबतीने झालेले शिकणे धरता येते. हे सगळे तास एकट्या शाळेने भरून काढायचे नसतात. शाळेत गेल्यावर मात्र एक साधी मोजणी करा. जे मूल सर्वांत गप्प आहे त्याच्याकडे दहा मिनिटे लक्ष ठेवा आणि त्या वेळात कोणी किती वेळा त्याच्यापाशी गेले, बोलले किंवा त्याच्या खेळात सामील झाले, ते पाहा. त्रास देणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जातेच. गप्प मुलाकडे ज्या वर्गात लक्ष जाते, तो वर्ग तुमच्या मुलाच्या कामाचा.

आता भेटीची वेळ. सकाळी प्रार्थनेला किंवा दुपारी शाळा सुटल्यावर जाऊ नका. एक काम थांबवून दुसरे सुरू होते, म्हणजे खेळ आवरून गोलात बसायचे असते, खाऊची वेळ होते किंवा मैदानावरून वर्गात परतायचे असते, तेव्हा जा आणि तासभर मागे बसू द्या अशी विनंती करा. स्वमग्न मुलाला खेळापेक्षा खेळ थांबवणे जड जाते, कारण आता पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसते. चांगल्या वर्गात खेळ संपण्याच्या पाच मिनिटे आधी सांगितलेले असते, भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दिवसाची चित्रे लावलेली असतात आणि बाई त्या चित्रांकडे बोट दाखवून बोलतात. चित्रे पुष्कळ शाळांत असतात. त्यांतली बरीचशी छतापाशी लावलेली, धूळ बसलेली आणि मागच्या वर्षीची असतात. ती वापरात आहेत का, हे पाहा.

प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात, तेही मोजा. स्वमग्न मुलाला ऐकलेले उलगडून उत्तर जुळवायला बहुधा जास्त वेळ लागतो आणि मधेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर त्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा. दहा येईपर्यंत शांत राहणारी शिक्षिका दिसली, तर तिचे नाव लिहून ठेवा. उलट ‘माझ्या डोळ्यांत बघ’ किंवा ‘हात हलवू नको’ असे सतत ऐकू आले, तर तीही नोंद करा. डोळ्यांत बघणे आणि बोलणे समजून घेणे ही दोन्ही कामे एकाच वेळी जड जातात, असे अनेक स्वमग्न प्रौढ व्यक्तींनी सांगितले आहे, आणि हात फडफडवणे किंवा डोलणे हा बहुतेक वेळा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. कोणाला इजा होत नसताना तो बंद करण्यात शाळेची शक्ती खर्च होत असेल, तर शिकवायला वेळ उरत नाही.

मूल कोसळते, म्हणजे आवाज, गर्दी किंवा अचानक झालेला बदल सहन न होऊन किंचाळू लागते, जमिनीवर पडते, त्या वेळी काय घडते हे सर्वांत महत्त्वाचे. हा हट्ट नव्हे. हट्ट करणारे मूल मधूनमधून आपल्याकडे कोण पाहते आहे याचा अंदाज घेते आणि हवे ते मिळाले की शांत होते. कोसळलेल्या मुलाच्या हातात त्या क्षणी काहीच उरलेले नसते. जाणकार शिक्षिका अशा वेळी शब्द कमी करते, इतर मुलांना थोडे दूर नेते, शक्य असेल तर दिवा किंवा आवाज बंद करते आणि जवळच शांत बसून राहते. अजाण शिक्षिका समजावत राहते, आवाज चढवते आणि शेवटी हात धरून ओढते. तुमच्या भेटीच्या दिवशी असा प्रसंग घडेलच असे नाही, म्हणून शांत कोपऱ्याविषयी विचारा आणि त्यासाठी प्रश्न नेमका ठेवा : ‘या आठवड्यात इथे कोण बसले होते, आणि तिथे जायचे हे कोणी ठरवले?’ मूल स्वतः गेले होते, किंवा बाईंनी ओळखून नेले होते, असे उत्तर आले तर तो कोपरा विसाव्याचा आहे. ‘दंगा केला की बसवतो’ असे उत्तर आले तर तो शिक्षेचा आहे, मग तिथे कितीही मऊ उशा ठेवलेल्या असोत.

आवाजाचे तर तुम्ही स्वतःच लिहिले आहे. संवेदनांचा असा कमी-अधिकपणा स्वमग्नतेच्या लक्षणांत अधिकृतपणे धरला जाऊ लागला तो २०१३ मध्ये, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीपासून. त्याआधीही पालकांना तो रोज दिसतच होता. रिकाम्या वर्गाच्या शांततेवर विसंबू नका. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत बत्तीस मुले एकदम टाळ्या वाजवतात, तेव्हा तिथे उभे राहून पाहा. घंटा कुठे आहे, ती हळू करता येईल का, किंवा वाजण्याआधी त्याला चित्र दाखवून सांगता येईल का, हे विचारायला संकोचू नका. अशा छोट्या मागणीला शाळा कसे उत्तर देते, त्यावरून पुढच्या मोठ्या मागण्यांचे काय होईल याचा अंदाज येतो.

धावत सुटण्याबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले होते. अशा मुलांना पाण्याची ओढ असणे आणि त्यातून अपघात होणे हेही परिचित आहे. म्हणून दाराची कडी किती उंचीवर आहे, फाटक शाळेच्या वेळात बंद असते का, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मुले कोण मोजते, आणि आवारात टाकी, हौद किंवा डबके आहे का, हे स्वतः फिरून पाहा. ‘आमच्याकडे असे कधी झाले नाही’ हे उत्तर नव्हे.

आता तुमच्या तीन शाळा. लांबून निकाल देणे धोक्याचे आहे, तरी माझा कल सांगतो.

पहिल्या शाळेबद्दल मला सर्वांत कमी भरवसा वाटतो, आणि याचे कारण मुलांची संख्या एवढेच नाही. मदतनीस नेमण्याची अट जेव्हा प्रवेशाआधीच, मुलाला न पाहता घातली जाते, तेव्हा ‘हे मूल तुमचे, जागा आमची’ एवढाच तिचा अर्थ होतो. स्पेनमधील सालामांका येथे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयी भरलेल्या जागतिक परिषदेच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलेले तत्त्व असे होते की, साधारण शाळेने स्वतःला मुलाच्या गरजेनुसार बदलावे. नुसते वर्गात बसू देणे म्हणजे समावेश नव्हे. दिवसभर चिकटून बसणारी मदतनीस बहुतेक वेळा मुलात आणि वर्गात भिंत होऊन बसते. शिक्षिका तिच्याशी बोलते, सवंगडी तिलाच विचारतात ‘हा काय करतोय?’, आणि मूल तिच्या हाताशिवाय काहीच करीनासे होते. काही मुलांना अशा मदतीची खरोखर गरज असते, हे मी नाकारत नाही. पण मग ती शिक्षिकेच्या सूचनेनुसार काम करील, इतर मुलांनाही मदत करील आणि हळूहळू मागे कशी सरकेल, हे आधी ठरलेले असावे. त्या शाळेने असे नियोजन कागदावर दाखवले, तर माझे मत मी बदलीन.

दुसऱ्या केंद्रात सहाच मुले आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे, आणि फक्त स्वमग्न मुलांचा वर्ग म्हणजे मुलाला वेगळे टाकणे, असे मी मानत नाही. काही मुलांना सुरुवातीला ती शांतताच तारते. माझी हरकत आहे ती बंद दाराला. पालक आत आले की मुले विचलित होतात, हे खरे आहे, परंतु त्यासाठी काचेची खिडकी, ठरलेल्या दिवसाची भेट किंवा दोन पालकांची आळीपाळी असे मार्ग निघतात. स्वतःला काय होते आहे ते सांगू न शकणाऱ्या मुलाला जिथे पालकांनी कधीच डोकावू नये असा नियम आहे, तिथे ठेवू नका. त्यांना आणखी एक विचारा : मुलाने एखादी गोष्ट करायला नकार दिला तर तुम्ही काय करता? ‘करेपर्यंत सोडत नाही’ असे अभिमानाने सांगितले गेले, किंवा खाऊ आणि आवडती वस्तू रोखून ठेवण्याची भाषा ऐकू आली, तर तेवढ्यावरच ‘नाही’ म्हणा.

उरली तिसरी. माझा कल तिच्याकडे आहे, परंतु ‘आणा, आम्ही सांभाळू’ या शब्दांवर नाही. ते शब्द मुख्याध्यापिकांचे आहेत. तुमचे मूल ज्यांच्या वर्गात बसणार त्या बाई काय म्हणतात, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यांना एकट्यांना भेटा. त्या घाबरलेल्या असल्या तरी हरकत नाही, घाबरून प्रश्न विचारणाऱ्या बाई मला निर्धास्त बाईंपेक्षा बऱ्या वाटतात. त्यांच्याकडून तीन गोष्टींचा होकार घ्या : मुलाची वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षिका महिन्यातून दोनदा वर्गात येऊन बसेल, दिवसाचे चित्रवेळापत्रक लावले जाईल आणि ते सगळ्याच मुलांसाठी वापरले जाईल, आणि तुम्ही व बाई आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बोलाल. माया असलेल्या बाईंना तंत्र शिकवता येते, परंतु शिकवायला कोणी आलेच नाही, तर चार महिन्यांत ती माया थकते आणि मग ‘आमच्याने होत नाही’ असा निरोप येतो. तिथे यापूर्वी असे मूल आलेले नाही, ही उणीव आहे. ती भरून काढता येण्याजोगी आहे की नाही, ते या तीन होकारांवरून कळेल.

तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्यामागे नातवाची काळजी आहे, आणि शिक्क्याची भीती अगदीच निराधार नाही. तरीही शाळेला सांगा, आणि पहिल्याच भेटीत सांगा. निदान लपवले तरी कान झाकणे, धावणे आणि ऐकलेली वाक्ये म्हणणे लपत नाही. मग बाई त्याला नाव देतातच, आणि ते नाव ‘हट्टी’ किंवा ‘वळण न लागलेला’ असे असते. शिवाय जी शाळा निदान ऐकून पाऊल मागे घेते, तिने प्रवेशानंतर तीन महिन्यांनी मागे घेण्यापेक्षा आजच घेतलेले बरे.

निदानापेक्षाही जास्त उपयोगी पडेल असे आणखी एक सांगण्याजोगे तुमच्यापाशी आहे. मी बालवाडीच्या वर्गावर काम करत असताना एक मुलगी काम देताच ‘झालं, झालं, संपलं’ असे म्हणायची. मला वाटे, तिला ते काम सोपे जाते, म्हणून मी लगेच पुढचे काम देई आणि ती रडू लागे. दोन महिने असेच चालले. पुढे एकदा तिच्या आईने सहज सांगितले की, हे वाक्य इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेचे आहे आणि भीती वाटली की ती ते म्हणते. दोन महिने ती मुलगी मला ‘घाबरले आहे’ असे सांगत होती, आणि मी तिला शाबासकी देत होतो. ऐकलेली वाक्ये पुन्हा म्हणणे निरर्थक नसते, त्यातून मूल मागते, नाकारते, सांगते, हे वाचा-उपचारतज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. मला ते पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही समोर कळले नाही.

म्हणून एका पानावर तुमच्या मुलाची भाषा लिहून काढा. कोणते वाक्य तो कधी म्हणतो आणि त्याचा अर्थ काय. कोसळण्याआधी पाच मिनिटे तो कसा दिसतो. कशाने शांत होतो आणि कशाने अधिक बिघडतो. शू लागल्याचे कसे सांगतो. एकच पान असू द्या, कारण अहवालांची जाड फाईल कोणी वाचत नाही, आणि एक पान कपाटाच्या दारावर चिकटवता येते. तो चित्रे दाखवून मागत असेल, तर तीच चित्रे शाळेतही द्या. चित्रांमुळे बोलणे मागे पडेल, असे कोणी सांगितले तर त्याची काळजी करू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशी साधने दिल्यामुळे कोणाचेही बोलणे कमी झाल्याचे आढळले नाही, आणि बहुतेकांचे ते थोडे का होईना वाढले.

शाळा ठरली की पहिल्या दिवशी पूर्ण वेळ बसवू नका. रिकाम्या वर्गात एकदा नेऊन आणा, मग अर्धा तास, मग तास, असे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. दाराशी रडला म्हणून शाळा वाईट ठरत नाही आणि रडला नाही म्हणून चांगलीही ठरत नाही. आठ-दहा आठवड्यांनी झोप, खाणे, शू-शी आणि नव्या भीती यांकडे पाहा. शाळेत ‘फार शहाणा’ आणि घरी आल्यावर रोज कोसळणारा, असे दिसू लागले, तर तो दिवसभर स्वतःला आवरून धरत असण्याची शक्यता आहे. ते शाळेला सांगा, आणि ऐकले गेले नाही तर वर्षाच्या मध्यातही शाळा बदला.

ते पान लिहायला मात्र सासऱ्यांना शेजारी बसवा. आजोबा त्याच्याबरोबर जेवढा वेळ असतील, तेवढी त्याची वाक्ये त्यांनी ऐकलेली असणार, आणि त्यांपैकी एखाद्याचा अर्थ कदाचित घरात फक्त त्यांनाच ठाऊक असेल.